रॅकेट खुंटीला टांगायची का?

पत्राचा सारांश: ठाण्यात राहणाऱ्या ३९ वर्षांच्या वाचक. आठ महिन्यांपूर्वी लिफ्टसमोर अचानक कोसळल्या, मिनिटभरात शुद्धीवर आल्या. तपासण्यांत हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा अनुवांशिक आजार निघाला. होल्टरवर, म्हणजे अंगावर लावून ठोके सतत नोंदवणाऱ्या यंत्रावर, धोकादायक वेगवान ठोके दिसले आणि डाव्या कॉलरबोनखाली एआयसीडी, म्हणजे बिघडलेली लय झटका देऊन ताळ्यावर आणणारं मशीन, बसवलं गेलं. त्याआधी त्या सोसायटीच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन सकाळी बॅडमिंटनची डबल्स खेळायच्या आणि पावसाळ्यात ट्रेकला जायच्या. डॉक्टर म्हणाले, "हलकंफुलकं करा." नवरा आणि सासूबाई पाण्याची बादलीही उचलू देत नाहीत. ज्या एका मैत्रिणीला खरं माहीत आहे, ती म्हणते, "आता तू आमच्यापेक्षा सेफ, छातीत डॉक्टर घेऊन फिरतेस." बाकी गटाला त्यांनी "खांदा दुखतोय" असं सांगून ठेवलंय. त्या डावखुऱ्या आहेत. खेळू का, स्मॅश मारला तर वायर तुटेल का, आणि ट्रेकचं काय, असे त्यांचे प्रश्न आहेत.

नमस्कार,

तुमच्या घरच्यांना ते मशीन काचेचं भांडं वाटतंय आणि मैत्रिणीला चिलखत. तुम्ही या दोघांच्या मध्ये अडकला आहात. म्हणून आधी ते मशीन नेमकं काय करतं ते बघू, बरीचशी उत्तरं तिथेच सापडतील.

एआयसीडी हृदयाचा प्रत्येक ठोका मोजत असतं. ठोक्यांचा वेग ठरवून दिलेल्या मर्यादेपुढे गेला आणि ठरावीक काळ तिथेच राहिला, की ते कामाला लागतं. सेटिंगनुसार आधी काही जलद, न दुखणारे विद्युत ठोके देऊन लय मोडायचा प्रयत्न करतं. तेवढ्याने भागलं नाही तर कपॅसिटर चार्ज करून साधारण ३५ ते ४० ज्यूलचा झटका देतं. बिघडलेली लय सुरू झाल्यापासून झटका बसेपर्यंत साधारण दहा ते वीस सेकंद जातात. एवढ्या वेळात मेंदूला रक्त कमी पडून डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते, माणूस पडू शकतो. लय बिघडूच नये याची सोय मशीनमध्ये नाही. ते काम गोळ्यांचं, आणि तुमच्या स्वतःच्या सवयींचं.

म्हणून कुठल्याही खेळाला एकच प्रश्न विचारा: त्या वीस सेकंदांत मी कुठे असेन? बॅडमिंटनच्या कोर्टवर असाल तर गुडघा खरचटेल. तलावाच्या खोल टोकाला असाल तर नाकातोंडात पाणी जाईल. हरिहर किल्ल्याच्या त्या जवळजवळ उभ्या, कातळात कोरलेल्या पायऱ्यांवर असाल, तर मशीनने झटका वेळेत देऊनही उपयोग नाही. मैत्रिणीच्या हिशेबात नेमके हेच वीस सेकंद राहून गेलेत.

घरच्यांची भीती मात्र अगदीच निराधार म्हणता येणार नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत वैद्यकशास्त्र तेच सांगत होतं. २००५ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांमध्ये असं मशीन असलेल्यांना स्पर्धात्मक खेळांपैकी फक्त सर्वांत कमी श्रमाचा गट मोकळा होता: गोल्फ, बोलिंग, बिलियर्ड्स, आणि हो, क्रिकेट. (आपल्याकडच्या एखाद्या फास्ट बोलरला हे वाचून दाखवायला हवं.) तो सल्ला पुराव्यापेक्षा काळजीतून आलेला होता. मग मशीन असूनही खेळत राहिलेल्यांची नोंद ठेवणारी एक रजिस्ट्री सुरू झाली. २०१३ मध्ये ३७२ खेळाडूंची माहिती प्रसिद्ध झाली. खेळताना लय बिघडून किंवा झटका बसून एकाचाही मृत्यू झाला नव्हता, कुणाला गंभीर इजाही नव्हती. झटके मात्र बसले होते: सुमारे १० टक्के लोकांना स्पर्धेत किंवा सरावात, ८ टक्क्यांना इतर शारीरिक हालचालीत, ६ टक्क्यांना आराम करताना. २०१५ मध्ये अमेरिकन सूचना सैल झाल्या आणि डॉक्टर-रुग्णाने मिळून निर्णय घ्यावा, असं धोरण आलं. तरी सगळीकडे एकमत झालेलं नाही. डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन जून २०२१ मध्ये मैदानात कोसळला आणि त्याला हे मशीन बसवलं गेलं. इटलीच्या नियमांत ते घेऊन खेळायची मुभा नव्हती, म्हणून त्याला इंटर मिलान सोडावं लागलं. २०२२ च्या फेब्रुवारीत तो इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्डकडून पुन्हा मैदानात उतरला.

तुमच्या आजाराबद्दलही चित्र बदललंय. या आजाराच्या सुमारे १,६६० लोकांचा तीन वर्षं पाठपुरावा करणारा अभ्यास २०२३ मध्ये आला. त्यात जोरकस व्यायाम करणाऱ्यांमध्ये गंभीर घटनांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं नाही. हौशी, मध्यम व्यायाम तर आता या आजारात करावा असंच सांगितलं जातं. तरी एक लक्षात ठेवा. अशा अभ्यासांत येणारे लोक बहुतेक तज्ज्ञांच्या देखरेखीखालचे आणि स्वतःहून खेळायचं ठरवलेले असतात. तुमच्या हृदयातून रक्त बाहेर पडण्याच्या वाटेत अडथळा आहे का, स्नायू किती जाड आहे, मशीन बसवल्यावर एखादा झटका बसलाय का, यावर तुमचं उत्तर ठरेल. पत्रात यातलं काहीच नाही.

आता "हलकंफुलकं" या शब्दाकडे येऊ. डॉक्टरांना त्यातून काय म्हणायचं होतं ते कुणालाच कळणार नाही, कदाचित त्यांनाही नाही. त्याचे आकडे करून घ्या. शरीराला लागणारे श्रम मेट या एककात मोजतात. शांत बसणं म्हणजे १ मेट. गप्पा मारत खेळलेलं सोसायटीतलं बॅडमिंटन साधारण ५.५, इरेला पेटून खेळलेलं ७, डोंगरवाटेने चालणं ६ च्या आसपास. पुढच्या भेटीत ईपी डॉक्टरांना, म्हणजे हृदयाच्या विद्युत लयीचे तज्ज्ञ असतात त्यांना, "खेळू का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर बहुधा "जपून" असं येतं. त्याऐवजी हे विचारा: माझ्या मशीनचा सर्वांत खालचा झोन, म्हणजे ज्या वेगापासून मशीन ठोक्यांना आजार समजतं तो पट्टा, मिनिटाला किती ठोक्यांवर सुरू होतो? तो वेग किती काळ टिकला की उपचार सुरू होतात? रोजच्या गोळ्या घेतलेल्या असताना टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालत-धावत करायची हृदयाची चाचणी, केली तर माझे ठोके जास्तीत जास्त कितीवर जातात?

गोळ्या घेऊनच टीएमटी करायची हे मुद्दाम सांगतोय. कारण निदानासाठी ही चाचणी करताना पुष्कळदा गोळ्या थांबवायला सांगतात. बीटा ब्लॉकर, उदाहरणार्थ मेटोप्रोलोल, ठोके खाली ठेवतो. '२२० वजा वय' हा जिममधला हिशेब तुम्हाला १८१ सांगेल, प्रत्यक्षात तुमचं हृदय कदाचित १४५ च्या वर जाणारच नाही. चाचणी देखरेखीखाली होते, तेव्हा लय, रक्तदाब आणि बाहेर जाण्याच्या वाटेतला अडथळा श्रमात वाढतो का हेही दिसतं. जमल्यास सोबत श्रमानंतरचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मागा.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की निम्मा प्रश्न सुटतो. समजा तुमचे ठोके १५० पर्यंत जातात आणि झोन १९० ला सुरू होतो, तर भरपूर जागा आहे. पण झोन १६० ला असेल, तर एखाद्या लांबलेल्या रॅलीत, शेवटच्या गुणाच्या उत्साहात, निव्वळ श्रमाने वाढलेले ठोके मशीनला आजार वाटू शकतात. श्रमाचे ठोके हळूहळू चढतात आणि आजाराचे एकदम उसळतात, हा फरक ओळखायची सोय मशीनमध्ये असते, पण ती दर वेळी अचूक ठरत नाही. पूर्ण शुद्धीत बसलेला अनावश्यक झटका छातीवर लाथ बसल्यासारखा लागतो, आणि नंतर कितीतरी दिवस माणूस जिना चढायलाही घाबरतो. यावर उपाय प्रोग्रॅमिंगचा आहे. झोनची सुरुवात वर न्यायची, ओळखण्याचा वेळ वाढवायचा. हे छातीवर वँड, म्हणजे मशीनशी बोलणारं छोटं उपकरण, ठेवून किंवा वायरलेस, दहा-पंधरा मिनिटांत होतं, चिरफाड नसते. झोन कुठे ठेवायचा हे मात्र होल्टरवर दिसलेल्या तुमच्या वेगवान लयीचा वेग बघूनच डॉक्टर ठरवतील. खेळताना झोनच्या किमान १० ते २० ठोके खाली राहायचं.

ठोके बघायला घड्याळ चालेल, पण ते रॅकेटच्या हातात नको. मनगट झटकल्यावर ते भलतेच आकडे दाखवतं. तुमच्या बाबतीत ते उजव्या हातात बांधा. शरीरातली चरबी मोजायचं फीचर असेल तर बंद ठेवा, कारण त्यासाठी शरीरातून बारीक वीजप्रवाह सोडतात. साधी आणि भरवशाची कसोटी म्हणजे बोलणं: दोन रॅलींच्या मध्ये पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्दाशब्दाला धाप लागत असेल तर तो गेम तिथेच सोडा.

डावा हात आणि वायर. तुमची ही शंका रास्त आहे. मशीनपासून हृदयाकडे जाणारी लीड शिरेतून कॉलरबोन आणि पहिल्या बरगडीच्या चिंचोळ्या फटीजवळून जाते. हात डोक्यावर नेऊन जोरात खाली आणला की ती फट आवळते. एका स्मॅशने लीड तुटत नाही. वर्षानुवर्षं तिथेच घासत, वाकत राहिली तर आवरण झिजू शकतं किंवा आतली तार मोडू शकते. मग मशीनला खोटे सिग्नल येतात आणि विनाकारण झटके बसू शकतात. त्या रजिस्ट्रीत पाच वर्षांनी ९७ टक्के आणि दहा वर्षांनी ९० टक्के लीड शाबूत होत्या. तेव्हा धोका आहे, पण रॅकेट टांगण्याइतका मोठा नाही.

लीड कोणत्या शिरेतून घातली ते डिस्चार्ज पेपरवर किंवा ऑपरेशन नोटमध्ये बघा. सेफॅलिक किंवा अ‍ॅक्झिलरी शीर असेल तर त्या फटीतला दाब कमी असतो, सबक्लेव्हियन असेल तर जास्त. आठ महिने झालेत, त्यामुळे लीडचं टोक हृदयात पक्कं बसलेलं असणार. हात खांद्याच्या वर नेऊ नका हा नियम पहिल्या चार ते सहा आठवड्यांचा असतो. तो कायमचा समजून हात तसाच आखडून ठेवला तर खांदा गोठतो. तुमचा "खांदा दुखतोय" हा बहाणा खरा व्हायला वेळ लागणार नाही! खेळ परत सुरू करण्याआधी एक डिव्हाइस चेक करून लीडचे आकडे नोंदवून घ्या. खेळायला लागल्यावर सहा आठवड्यांनी पुन्हा करा आणि दोन्ही आकडे ताडून बघा. घरी रिमोट मॉनिटर दिला असेल तर तो कपाटात न ठेवता पलंगाजवळ प्लगला लावा. मशीन बीप करू लागलं किंवा आतून थरथरलं, हात हलवताना छातीचा स्नायू फडफडला, किंवा मशीनवरची त्वचा लाल, गरम झाली, तर ते क्लिनिकला फोन करण्याचं कारण आहे.

माझं मत विचाराल तर डबल्स खेळा, आणि स्मॅश हे तुमचं मुख्य हत्यार राहू देऊ नका. नेटजवळचा खेळ, ड्रॉप, ड्राइव्ह, पुढची जागा तुमची, मागचे उंच शटल जोडीदाराचे. मशीन उजव्या बाजूला हलवून घ्यावं का, हा विचार मनात आला असेल तर काढून टाका. छंदासाठी पुन्हा शस्त्रक्रिया आणि संसर्गाचा धोका पत्करू नये, शिवाय उजव्या बाजूने दिलेला झटका हृदयाला पुरेसा पडेलच असं नसतं. जिममध्ये पुलअप्स, डोक्यावरून वजन उचलणं आणि जड चेस्ट प्रेस एवढं टाळा. तीच फट, तोच ताण. किटबॅगचा पट्टा उजव्या खांद्यावर घ्या. बादली उचलायला मात्र काहीच हरकत नाही, सासूबाईंना माझं नाव सांगा.

तुमच्या आजाराचे काही नियम वेगळे आहेत. शरीरातलं पाणी कमी झालं की हृदयाचा कप्पा नीट भरत नाही आणि बाहेर जाण्याच्या वाटेतला अडथळा वाढतो. म्हणून मे महिन्यात पत्र्याच्या हॉलमध्ये खेळायचं नाही, जुलाब-उलट्या झाल्यावर दोन-तीन दिवस नाही, ताप असताना तर मुळीच नाही. याच कारणाने खेळ एकदम थांबवू नका. धावून अचानक थांबलं की रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं हळू वॉर्मअप, शेवटी दहा मिनिटं चालणं, मग बसणं. लगेच कडकडीत गरम पाण्याने आंघोळ नको. सकाळची गोळी चुकली असेल तर त्या दिवशी फक्त प्रेक्षक व्हा.

आठ महिने बसून राहिलेल्या शरीराला परत आणायला निदान सहा आठवडे द्या, तेही टीएमटी झाल्यावर. पहिले दोन आठवडे रोज ३० मिनिटं सपाटीवर चालायचं. पुढचे दोन आठवडे त्यात चढ आणि एकेका बाजूने दहा मिनिटं नुसतं शटल टोलवणं. पाचव्या आठवड्यात २१ गुणांचा एक गेम. मग दोन. चालतानाच छातीत धडधड, दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर वेळापत्रक तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना कळवा.

आणि झटका बसलाच तर? एक झटका, आणि त्यानंतर पूर्ण बरं वाटतंय: खेळ थांबवा, बसा, त्याच दिवशी क्लिनिकला फोन करून मशीन तपासून घ्या. स्कूटरवरून एकटीने घरी जाऊ नका. पुन्हा कधी खेळायचं ते मशीनमधली नोंद बघूनच ठरेल. चोवीस तासांत दोन किंवा जास्त झटके, किंवा एकच पण छातीत दुखतंय, धाप लागतेय, ग्लानी आहे: १०८ ला फोन.

कोसळल्यावर काय करायचं ते तुम्हाला पाठ असून उपयोग नाही, ते कोर्टवरच्या लोकांना यायला हवं. हाक मारून, हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर मशीन आहे म्हणून वाट बघत बसायचं नाही. १०८, आणि लगेच छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब. दाबताना मशीनने झटका दिला तर दाबणाऱ्याला फार तर मुंगी आल्यासारखं वाटेल, त्याला इजा होत नाही. क्लबहाउसमध्ये एईडी, म्हणजे बाहेरून झटका देणारी पेटी, असेल तर तीही वापरायची, फक्त तिचे पॅड मशीनच्या उंचवट्यापासून किमान ८ सेंटीमीटर दूर चिकटवायचे.

म्हणूनच गटापासून हे लपवणं मला सगळ्यांत जास्त खटकतं. डबल्समध्ये तुमच्या तीन पावलांवर तीन माणसं असतात. एवढी सोय मॉर्निंग वॉकला एकट्याने जाणाऱ्याला नसते. त्यांनी "खांदा धरला असेल" असं समजून पाणी शिंपडत बसावं, ही वेळ आणू नका. नवऱ्यालाही घरी बसून समजावत राहण्यापेक्षा टीएमटीच्या दिवशी सोबत न्या. पट्ट्यावर धावणारी बायको आणि शेजारी स्क्रीन बघत उभे असलेले डॉक्टर हे चित्र वादापेक्षा जास्त पटतं. आणि तुम्ही विचारलं नसलं तरी विचारतो: आजार अनुवांशिक आहे, तर मुलं, भावंडं, आईवडील यांचे ईसीजी आणि टू-डी इको झाले का? नसतील तर ते खेळाच्या प्रश्नाआधी.

ट्रेकला तोच वीस सेकंदांचा प्रश्न लावा, आणि त्यात आणखी एक मिळवा: इथून माणसाला उचलून गाडीपर्यंत न्यायला किती वेळ लागेल? येऊरच्या रस्त्याने चाला, खुशाल. लोणावळ्याहून राजमाचीची वाट लांब असली तरी बरीचशी सपाट आहे. सहा महिने नीट गेले आणि सोबत चार माणसं असली, तर तिचा विचार करता येईल. हरिहर, कलावंतीण आणि शिड्या-दोरांच्या वाटा यादीतून काढा. पावसात निसरड्या कड्यावर तर कुणालाच मी जा म्हणणार नाही, मशीन असो वा नसो.

हे पत्र वाचणाऱ्या इतर मशीनधारकांसाठी: वरचं सगळं जसंच्या तसं उचलू नका. एआरव्हीसी नावाच्या हृदयाच्या स्नायूच्या आजारात दमवणाऱ्या व्यायामाने आजार स्वतःच वाढतो, तिथे मशीन असूनही उत्तर बरंच वेगळं येतं. सीपीव्हीटी या लयीच्या अनुवांशिक आजारात अ‍ॅड्रेनलिनने लय बिघडते आणि झटक्याच्या वेदनेने आणखी अ‍ॅड्रेनलिन येतं, झटक्यांची माळच लागू शकते. लाँग क्यूटी या लयीच्याच दुसऱ्या आजाराच्या एका प्रकारात पोहणं हेच निमित्त ठरतं. हार्ट अटॅकनंतर पंपिंग कमी झाल्यामुळे मशीन बसलं असेल तर आधी कार्डिअ‍ॅक रिहॅब, म्हणजे देखरेखीखालचा व्यायाम, आणि पाणी किती प्यायचं तेही डॉक्टरांना विचारून. कबड्डी, कुस्ती, कराटे कुणालाच नको, छातीवरचा मार थेट मशीनवर बसतो. टेनिस बॉलचं क्रिकेट चालेल, सीझन बॉलसमोर जायचं असेल तर चेस्ट गार्ड लावून. आणि चुंबक असलेला फोन, इअरबड्सची डबी, घड्याळाचा चार्जर हे सगळं मशीनपासून किमान १५ सेंटीमीटर दूर ठेवा. चुंबक जवळ असेपर्यंत झटका देण्याचं काम थांबू शकतं.

गटाला काय लिहायचं ते सुचत नसेल तर हे घ्या, हवं तसं बदला आणि डॉक्टरांचा होकार आला की पाठवा:

"खांद्याचं खरं नव्हतं, सॉरी. माझ्या हृदयाला एक मशीन बसवलंय. डॉक्टरांनी डबल्स खेळायला परवानगी दिली आहे. मी पडले आणि उठले नाही तर १०८ ला फोन करा आणि छाती दाबायला लागा, मशीनचा शॉक तुम्हाला लागणार नाही. माझं मशीनचं कार्ड आणि नवऱ्याचा नंबर किटबॅगच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. मंगळवारी साडेसहाला येते. मागचे उंच शटल तुमचे."